लख्ख टाकी, मेलेले मासे

आधी कोडं सांगते. आमच्या गावचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र ज्या दिवशी आरशासारखं लख्ख असायचं, त्याच्या मागोमाग नदीतले मासे पोट वर करून तरंगायला लागायचे. केंद्र कळकट दिसत असलं की मासे मजेत. असं का?

आमच्या गावातल्या एकाही मोठ्या माणसाला हे कोडं पडलं नव्हतं. कसं पडणार? त्यासाठी नदीकडे बघावं लागतं. आमच्याकडे सगळे केंद्राकडे बघायचे, तिथल्या फुलझाडांसमोर उभं राहून फोटो काढायचे आणि घरी जायचे.

मी ऋजुता मगदूम, इयत्ता सातवी, राहणार तांबेवाडी. आमच्या गावाला लागून हिरणी नदी वाहते. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक, मधे नदी. प्रवाहाच्या थोडं खाली पलीकडच्या काठावर होन्नूर आहे. आम्ही अंघोळी करतो, भांडी घासतो, संडासात पाणी ओततो. ते सगळं पाणी गटारांतून केंद्रात जातं, तिथे स्वच्छ होऊन नदीत सोडलं जातं आणि नदीतून होन्नूरच्या नळाला येतं. म्हणजे आम्ही वापरलेलं पाणी होन्नूर पितं. यात लाजण्यासारखं काही नाही, जगात सगळीकडे असंच चालतं. फक्त मधलं ते ‘स्वच्छ होऊन’ खरं असायला हवं.

केंद्राची प्रमुख माझी आई. त्याआधी ती गावाच्या सफाई खात्याची प्रमुख होती आणि तिच्यामुळे तांबेवाडीला स्वच्छ शहराचं मोठं बक्षीस मिळालं होतं. मग सगळ्यांना वाटलं, एवढी स्वच्छतेची आवड असलेली बाई केंद्रालाच बरी. आईने केंद्राचं सोनं केलं. फरशा पांढऱ्याशुभ्र, नळांना रंग, कुंपणाला जास्वंदी. दूरदूरहून पाहुणे बघायला येऊ लागले, आणि प्रत्येक पाहुण्याआधी आई टाक्या रिकाम्या करून तळापासून घासून घ्यायची. घासणारी यंत्रं होती, वर ब्लीचिंग पावडर होती. असा दिवस संपला की आई दमून आणि खूश होऊन घरी यायची.

नदीत वाम होती. वाम नावाचा लांबुळका मासा असतो ना, तशी दिसणारी ही यंत्रमासळी दोन्ही गावांनी मिळून आणली होती. तिच्या तोंडाशी संवेदक (पाण्यात काय मिसळलंय ते ओळखणारा भाग) होता. त्याला आम्ही तिचं नाक म्हणायचो. ती मराठी आणि कानडी दोन्ही बोलायची. पाणी बिघडलं की ती होन्नूरच्या पंपघराला कळवायची, मग तिथला दरवाजा आपोआप बंद व्हायचा आणि होन्नूरचे नळ कोरडे पडायचे. खराब पाणी पिण्यापेक्षा ते बरं.

त्या आठवड्यात पाहुण्यांची मोठी तुकडी येऊन गेली. पाठोपाठ नदीवरच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडला, वामने इशारा दिला आणि होन्नूरचे नळ पुन्हा बंद झाले. मग आमच्या नगरपरिषदेच्या आरोग्य समितीचे सभापती दिनकरराव माने संतापले. माशांवर नाही, वामवर.

“ही वाम ऊठसूट नाक मुरडते,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “तिला भंगारात काढू. नवीन यंत्र आणू, ते महिन्याची सरासरी सांगतं. सरासरी आपली उत्तम येईल.”

दोन गावांच्या नदी समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. तिथे वामचा निकाल लागणार होता. खरं सांगायचं तर तेव्हा मीही सभापतींच्याच बाजूची होते. माझी आई मरमर राबते आणि एक मासळी तिला खोटं ठरवते, हे मला सहन होत नव्हतं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी सायकल काढली आणि वामला झापायला थेट बंधाऱ्यावर गेले.

“तू माझ्या आईला खोटं पाडतेस,” मी म्हणाले.

वामने पाण्यातून डोकं वर काढलं. “मी कुणाला पाडत नाही. पाण्यात प्राणवायू फार कमी आहे, एवढंच म्हणते.”

“टाक्या इतक्या स्वच्छ असताना?”

“टाक्या मी पाहिलेल्या नाहीत. मला फक्त पाणी कळतं.”

“मग तुझं नाक बिघडलंय.”

“तपासून घे,” वाम म्हणाली आणि तोंड पुढे केलं.

मी माझ्या बाटलीतलं थोडं पाणी तिच्या नाकावर ओतलं. “हे पिण्याजोगं आहे,” ती म्हणाली. “यात जिरं आहे.” आईने सकाळी बाटलीत जिरं घातलं होतं. माझा चेहरा पडला. नाक ठणठणीत होतं.

“बरं, पाणी कधी कधी बिघडलं ते सांग,” मी जरा नरमाईने विचारलं. ती एकेक दिवस सांगत गेली आणि मला एकेक दिवस आठवत गेला. प्रत्येक वेळी त्याच्या आदल्या दोन दिवसांत आईच्या हातांना ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. एकही दिवस चुकला नाही. आता काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी ‘रविवारपर्यंत आजोबांकडे राहते’ असा घरी फोन केला आणि पूल ओलांडून त्यांच्याकडे गेले.

आईचे वडील डॉ. भूपाल उपाध्ये होन्नूरला राहतात. जन्मभर त्यांनी जिवाणूंचा (एकाच पेशीच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा) अभ्यास केला आहे. त्या दिवशी ते काय करत होते ठाऊक आहे? गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या टँकरपुढे रांगेत उभे होते, दोन्ही हातांत बादल्या. त्यांचे गुडघे दुखतात. माझ्या गावामुळे माझे आजोबा बादल्या वाहत होते, आणि माझ्या गावात लोक पाहुण्यांचे फोटो बघत बसले होते. बादल्या मी घेतल्या. घरी पोचेपर्यंत त्यांना सगळं सांगून टाकलं.

“टाकी घासली?” आजोबा दारातच थांबले. “म्हणजे बाहेरून?”

“आतून. तळापासून. वर ब्लीचिंग पावडर.”

आजोबा पायरीवर बसले. “मला दोनदा केंद्र दाखवायला नेलं होतं गं तिनं. दोन्ही वेळा फुलझाडं दाखवली. टाकीपाशी न्यायच्या आधीच चहा आला.” मग त्यांचा आवाज चढला. “घरात दही कसं लावतात?”

“कोमट दुधात विरजण घालतात.”

“आणि विरजण संपलं तर?”

“शेजारून आणतात.”

“आता एखादीने विरजणाची वाटी घासून, उकळून, वर ब्लीचिंग टाकून लख्ख केली, आणि नुसत्या दुधाकडे बघत बसली, तर दही लागेल का?”

माझ्या डोक्यात एकदम काहीतरी हललं. आजोबांनी मला आत नेलं आणि एकेक पायरी समजावली.

गटाराचं पाणी केंद्रात आलं की आधी जाळीतून जातं. प्लॅस्टिक, चिंध्या, काड्या तिथे अडकतात. मग ते संथ वाहतं, तेव्हा वाळू-खडी तळाला बसते. पण खरी घाण अजून पाण्यातच असते, कारण ती विरघळलेली असते. साबण, भाताची पेज, दूध, मलमूत्र. ती कुठल्याच जाळीत अडकत नाही. तिला कुणीतरी खायला लागतं.

“कोण खाणार?” मी विचारलं.

“त्या मातकट टाकीतला गाळ,” आजोबा म्हणाले. “त्या गाळाच्या एका थेंबात जिवाणूंची मोठी वस्ती असते. ते विरघळलेली घाण खातात आणि वाढतात. खायला त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून तळातून हवा सोडत राहायची. पोट भरलेले जिवाणू एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि पुढच्या टाकीत तळाला बसतात. वर राहतं ते नितळ पाणी. ते नदीत सोडायचं. आणि खाली बसलेल्या गाळातला काही गाळ पुन्हा पहिल्या टाकीत घालायचा. त्याला परतीचा गाळ म्हणतात. तेच विरजण.”

“आणि आई तेच धुऊन टाकते.”

“धुऊन टाकते. मग गटाराचं पाणी टाकीत येतं, त्याला खाणारं कुणी नसतं, ते तसंच नदीत जातं. नदीतही जिवाणू असतात. त्यांना एवढी मेजवानी मिळाली की ते झपाट्याने वाढतात आणि नदीतला प्राणवायू संपवतात. मासे विषाने मरत नाहीत ऋजू, ते गुदमरून मरतात.”

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते मात्र कळेना.

आजोबांनी होन्नूरच्या केंद्रातून डबाभर गाळ मागवला. दोन काचेच्या बरण्यांत आम्ही भाताची पेज आणि भांड्यांचं खरकटं पाणी भरलं, दोन्हींत तो गाळ घातला, दोन्हींत मत्स्यपेटीच्या छोट्या पंपाने हवा सोडली. एका बरणीत मात्र ब्लीचिंग पावडर टाकली. आणि वाट बघितली.

रविवारी दुपारी पंप थांबवून आम्ही बरण्या खिडकीत ठेवल्या. ब्लीचिंग नसलेल्या बरणीत तपकिरी गाळ तळाला बसला आणि वरच्या पाण्यातून पलीकडचं झाड दिसायला लागलं. दुसरी बरणी गढूळच होती आणि तिला आंबूस घाण वास येत होता.

तेवढ्यात आई मला न्यायला आली. आमच्या घरात पाणी कापडातून गाळूनच पितात, कितीही शुद्ध असलं तरी. आईने टँकरच्या पाण्याचा तांब्या घेतला, पांढरं फडकं काढलं आणि गाळू लागली.

“कशाला गाळतेस?” आजोबांनी विचारलं.

“बाबा, हे काय विचारणं? तुम्हीच तर शिकवलंत. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते आपल्या हातून मरू नयेत म्हणून.”

“आणि तुझ्या टाकीत तू किती मारलेस?”

आईला काही कळलं नाही. मग तिला बरण्या दिसल्या. मीच सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज फार मोठा झाला. आई हातात फडकं धरून ऐकत राहिली. “मला कुणी सांगितलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “केंद्र चालवायचं शिक्षण होतं, तेव्हा सभापतींनी मला फुलझाडांच्या स्पर्धेला पाठवलं. म्हणाले, तुम्हाला काय शिकायचंय, स्वच्छता तर तुम्हाला येतेच.”

“आणि तू गेलीस,” आजोबा म्हणाले.

“गेले.” आई खाली बसली. “बाबा, आता हे मला गावासमोर सांगावं लागणार.”

बैठकीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. सभापतींनी पडद्यावर सरासरीचा छान हिरवा आलेख दाखवला आणि विचारलं, वामला काढण्यास कुणाची हरकत आहे का. आई उभी राहिली.

“माझी आहे,” ती म्हणाली. “वामचं नाक शाबूत आहे. चूक माझी आहे. मी टाक्या घासायला लावल्या आणि घाण खाणारे जिवाणू मारले. वाम होती म्हणून होन्नूरचे लोक ते पाणी प्यायले नाहीत. तिला काढलं तर पुढच्या वेळी कोण सांगणार?”

सभापती हळूच म्हणाले, “मॅडम, एवढं उघड बोलायची गरज नाही. सरासरीत सगळं बसतं.”

मग मात्र मला राहवलं नाही. “सरासरीत मेलेले मासे जिवंत होतात का?” मी मागून विचारलं. “महिन्यात दोन दिवस विष आणि बाकीचे दिवस दूध प्यायलात, तर सरासरी काय येईल?” कुणीतरी हसलं, सभापती हसले नाहीत. आईने मला बस म्हणून खुणावलं, पण फार जोर लावून नाही.

मग तिने आणखी एक गोष्ट मागितली. वामचा इशारा आजवर फक्त होन्नूरला ऐकू जायचा. घाण आमची आणि बातमी त्यांना, हा कुठला न्याय? तो आमच्याही बाजारचौकात मोठ्याने लागला पाहिजे, रोज सकाळी. होन्नूरच्या अध्यक्षा गिरिजा हिरेमठ यांनी सगळ्यात आधी हात वर केला, मग आमचेही हात वर आले, काही नाइलाजाने. वाम राहिली.

पण टाकीत घाण खाणारे जिवाणू नव्हतेच. जिवाणू आपसूक वाढायची वाट बघितली असती तर कित्येक दिवस गेले असते, आणि तोवर होन्नूर कोरडं. तेव्हा गिरिजाबाई म्हणाल्या, “आमच्या केंद्रातला गाळ न्या की. टँकरभर देतो.” ज्यांचे नळ आमच्यामुळे बंद पडले, त्यांनी हे म्हटलं. मला आमच्या सगळ्या फलकांची आणि बक्षिसांची लाज वाटली.

टँकर पुलावरच्या तपासणी नाक्यावर अडला. आई आणि मी पुढे बसलो होतो.

“आत काय आहे?” नाक्यावरच्या साहेबांनी विचारलं.

“गाळ,” आई म्हणाली. “गटाराच्या पाण्याचा.”

“आमच्याकडे गटार कमी आहेत व्हय, पलीकडनं आणताय ते?”

“साहेब, आत जीव आहेत. टँकरमधला हवेचा पंप फार वेळ पुरत नाही. हवा संपली की ते मरतील.”

साहेबांनी टँकरला कान लावला. आतून पंपाची घरघर येत होती. “कोंबड्या न्हाईत ना?” त्यांनी खात्री करून घेतली आणि फाटक उघडलं. गाडी पुढे गेल्यावर आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गाळ टाकीत ओतला, तळातून हवा सोडली. पुढच्या सकाळी आमच्या बाजारचौकात वामचा आवाज पहिल्यांदा आला. “तांबेवाडीतून आलेलं पाणी आज खराब आहे. होन्नूरचे नळ बंद आहेत.” भाजी घेणारी माणसं जागच्या जागी थांबली. काही चिडली. चिडू देत की. पुढेही काही दिवस हेच ऐकावं लागलं, आणि आश्चर्य म्हणजे लोक आता केंद्रापाशी येऊन आईला विचारायला लागले, आज कसं आहे, आम्ही काय करू. आई सांगायची, उरलेलं तेल आणि रंग गटारात ओतू नका, आतले कामगार मरतात. टाकी पुन्हा मातकट झाली. तिला पावसात भिजलेल्या मातीसारखा वास यायला लागला. सभापतींनी एकदा फोन केला, पाहुणे येणार आहेत, जरा हात फिरवून घ्या. आई म्हणाली, पाहुणे येऊ देत, टाकीला हात लागणार नाही.

आणि मग एका सकाळी वाम म्हणाली, “नीरु चन्नागिदे. पाणी चांगलं आहे.” होन्नूरचे नळ सुरू झाले.

नदी समितीची त्यानंतरची बैठक होन्नूरला झाली. तिथल्या लोकांनी आईला हार घातला, तिने तो लगेच काढून ठेवला. आभाराची भाषणं झाली. सगळे उठायच्या बेतात असताना आजोबा गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले.

“आणखी एक वाम आणा,” ते म्हणाले. “आमच्या गावाच्या खाली सोडा.”

“आमच्या खाली कशाला, सर?” गिरिजाबाईंनी विचारलं. “आमचं केंद्र चांगलं चालतं.”

“चालत असेल. पण आमच्या खालीही एक गाव आहे, आणि ते आम्ही वापरलेलं पाणी पितं. केंद्र चांगलं आहे असं आमच्या वरचेही म्हणत होते.”

खुर्च्या करकरल्या. कुणी खर्चाबद्दल पुटपुटलं, कुणी म्हणालं पुढच्या वर्षी बघू. माझं डोकं पुन्हा तापायला लागलं होतं. एवढं सगळं होऊनही पुढच्या वर्षी?

तेव्हा आईने विचारलं, “ते खालचं गाव कोणतं? तिथलं कुणी इथे आलंय का?”

कुणीच आलं नव्हतं. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. गिरिजाबाईंनी फोन उचलला आणि त्या गावाचा नंबर कुणाकडे आहे असं विचारलं.